मामांचे शंभर वॅट

बदलापूर पूर्व
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरातल्या हौशी रेडिओवाल्यांनो,

आपण अभ्यास केला, परीक्षा दिली, सरकारी परवाना मिळवला. मी तर त्रेसष्टाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला. हवेतून बोलण्याचा हक्क देशानं आपल्याला दिला, आणि तो हक्क सोसायटीच्या गच्चीला लावलेल्या कुलपात अडकून पडला! त्या गच्चीवर टाक्या चालतात. टीव्हीच्या गंजलेल्या छत्र्या चालतात, पापड चालतात, मोडके पाळणे चालतात, कबुतरं आणि त्यांचं सगळं काही चालतं. चालत नाही ती फक्त आपली अँटेना. का, तर म्हणे इमारतीची शोभा जाते. जिला रंग लागून बारा वर्षं झाली, त्या इमारतीची शोभा! किती दिवस आपण आपल्या अँटेना बाल्कनीत टॉवेलांच्या मागे, चोरीच्या मालासारख्या दडवून ठेवायच्या?

उमा, इथवरचा मजकूर पत्रकाचा आहे. तू आपल्या हौशी रेडिओ मंडळाची सेक्रेटरी, तेव्हा छापून चौदाही सभासदांना पाठव. पुढचं तुला एकटीला.

तू म्हणशील, मामा, व्हॉट्सॲपवर टाका ना. व्हॉट्सॲपवर माणूस अंगठा दाखवतो आणि सुटतो. कागद हातात पडला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

मी आता सोसायटीपुढे हात जोडणं थांबवलं आहे. गुरुवारी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मुकेशच्या दुकानात गेलो आणि ॲम्प्लिफायर उचलून आणला. शंभर वॅट! मुकेश म्हणाला, "साईं, ये चालू किया ना, तो सामनेवाले सब चुप." अँटेना राहू दे बाल्कनीत. ताकदच एवढी लावतो की भिंतींना वाट द्यावी लागेल.

महाशिवरात्र यंदा १५ फेब्रुवारीला आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत दुपारपर्यंत गर्दीनं मोबाईल मुके होतात आणि मग मुलं हरवली, कुणाला चक्कर आली, तर आपल्या माणसांच्या हातातले छोटे रेडिओच तेवढे बोलत राहतात. त्या सगळ्यांचं ऐकून कोणी कुठे जायचं हे सांगणारं मुख्य केंद्र मागच्या वर्षी मी माझ्या घरून चालवलं. यंदाही ते माझ्याकडेच असावं, अशी माझी मागणी आहे. विनंती नव्हे. कारखान्याला टाळं लागलं आणि आमची युनियन संपली, तेव्हापासून माझ्या हातात उरलेला हा एकच माइक आहे.

तुझा मामा,
आनंदा भोईर


अंबरनाथ पूर्व
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

माननीय वक्ते आनंदामामा,

पत्र मिळालं. आपण शेजारच्या दोन गावांत राहतो आणि पोस्टानं चार दिवस घेतले. पत्रक सगळ्यांना पाठवलं. कबुतरांच्या वाक्याला सर्वांनी अंगठा दाखवला.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही शंभर वॅटवर आलात. आलात म्हणजे काय, टेबलावरचा माझा रेडिओ दचकला. मी लगेच उत्तर दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा गॅलरीत जाऊन दिलं. तुम्ही म्हणालात, "मैदानात शुकशुकाट दिसतोय," आणि त्या शुकशुकाटाला उद्देशून अकरा मिनिटं बोललात. भाषण चांगलं होतं.

मामा, मी दिवसभर मोबाईलच्या टॉवरवर अँटेना बसवते, तेव्हा एवढं मला बोलू द्या. तुमचे आधी पंचवीस वॅट होते, आता शंभर. म्हणजे चौपट. ऐकायला केवढं वाटतं! पण सिग्नल दाखवणारा काटा एक घर पुढे सरकायलाच चौपट ताकद लागते. मुकेशनं तुम्हाला एवढ्या जड खोक्यात घालून दिलं, ते एक घर.

आणि तेही फक्त जाताना. ॲम्प्लिफायर म्हणजे सभेतला भोंगा. तुमचा आवाज मैदानाच्या टोकाला नेतो, पण टोकाला बसलेल्या बाईनं काही विचारलं तर ते भोंग्यातून तुम्हाला ऐकू येईल का? अँटेनाचं तसं नाही. कंपनीच्या गेटवर भोंगा नसला की तुम्ही दोन्ही हातांचा द्रोण करून तोंडाला लावायचात, मी लहानपणी पाहिलंय. आवाज तेवढाच, पण इकडेतिकडे सांडायचा नाही, समोर जायचा. तोच द्रोण कानामागे धरला की समोरचं हळू बोलणंही ऐकू येतं. चांगली अँटेना हा तसा द्रोण आहे. ती पदरची ताकद घालत नाही, आहे ती एका बाजूला वळवते. पाच दांड्यांची साधी अँटेना गच्चीवर चढवली तर त्या दिशेला तुमचा सिग्नल सात-आठ पट होईल, आणि त्या दिशेनं येणाराही सात-आठ पट. सध्याची तुमची अँटेना सिमेंटच्या भिंतीला आणि मामीच्या साड्यांना भाषण देतेय.

शिवाय शंभर वॅट तुमच्या परवान्यात बसत नाहीत. हजारभर कामगारांना कायदा शिकवलेल्या माणसाला हे मी काय सांगायचं?

केंद्र कुठे असावं ते १ फेब्रुवारीच्या चाचणीनंतर ठरवू. मामीला नमस्कार सांगा. माइक बंद करून सांगा.

तुमची भाची,
उमा


बदलापूर पूर्व
३ डिसेंबर २०२५

चिरंजीव उमा, टॉवरवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. द्रोणाचा दाखला उत्तम आहे, तो मी पुढे माझा म्हणून वापरणार आहे. पण निष्कर्ष चुकला. मला तुमचं ऐकू येत नाही, याचा अर्थ सरळ आहे: तुम्ही पुटपुटता! चाळीस वर्षं मी हेच पाहत आलो. सभेत माणसं मागे बसणार, तोंडावर हात ठेवून कुजबुजणार, आणि वर म्हणणार आमचं कोणी ऐकलं नाही. उठा, आवाज चढवा! तुम्हा सगळ्यांच्या हातात पाच-पाच वॅटची खेळणी आहेत. मी शंभरावर गेलो, तुम्ही निदान तिसावर तरी या.

आणि माझ्या स्टेशनात खोट काढतेस, तर हा पुरावा घे. आपल्यात रीत आहे की हवेत गाठ पडली की एकमेकांना कार्ड पाठवायचं आणि समोरचा कसा ऐकू आला ते आकड्यात लिहायचं. पाच म्हणजे शब्द न् शब्द स्पष्ट, नऊ म्हणजे काटा टोकाला. माझ्याकडे एकेचाळीस कार्डं आहेत. एकेचाळीसही पाच-नऊ! सोबत सगळ्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. झेरॉक्सवाला विचारत होता, आजोबा, निवडणुकीला उभे राहताय का?

त्यातली चार कार्डं तुझ्या सहीची आहेत. तुझ्याच हस्ताक्षरात तुझा पराभव.

परवान्याचं बोलू नकोस. ते एक कलम मी वाचलं नव्हतं.

तुझी मामी अंजनी विचारते, टॉवरवर चढताना पट्टा बांधतेस ना? मीही विचारतो.

आनंदामामा


अंबरनाथ पूर्व
१० डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

पट्टा बांधते. आता तुम्हीही जरा धरून बसा.

पाच-नऊ म्हणजे आपल्या लोकांत काय असतं? पाहुणा पानावरून उठताना म्हणतो, जेवण छान झालं. आमटीत मीठ नसलं तरी म्हणतो. आपल्या मंडळात आजवर कुणी कुणाला पाच-नऊखाली काही दिलेलं मला आठवत नाही. समोरचा म्हणतो, "तुमचा रिपोर्ट पाच-नऊ, कृपया तुमचं नाव पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही." आणि कुणी हसतही नाही.

माझ्या चार कार्डांतलं पहिलं आठवतंय? परवाना मिळाल्यावर तुम्ही पहिल्यांदा हवेत आलात तो दिवस. पाणी उकळल्यासारखी खरखर होती. मला तुमचं नाव आणि "कामगार" एवढाच एक शब्द कळला. पण तुमचा आवाज थरथरत होता, आणि तो मी आयुष्यात पहिल्यांदा थरथरताना ऐकला. दिले पाच-नऊ. बाकीची तीन सवयीनं दिली.

हे इथवरच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मागच्या जत्रेची एक गोष्ट मंडळानं तुमच्यापासून लपवली आहे, आणि लपवावी असं मीच म्हटलं होतं.

देवळामागे नाल्याच्या अंगाला जमीन खोलगट आहे. तिथे आपली किर्ती उभी होती, बँकेतली. सकाळी अकरा-चाळीसला तिला राजसी नावाची पाच वर्षांची मुलगी एकटी सापडली. किर्तीनं केंद्राला कळवलं. सहा वेळा. त्या खड्ड्यातून तिचा आवाज गेटपर्यंतही चढत नव्हता, आणि तुमच्या बाल्कनीपर्यंत तर नाहीच. त्या मुलीची आई तेवढा वेळ मुख्य गेटवर रडत उभी होती. गेटवरून तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही पंचवीस वॅटवर, अगदी खणखणीत सांगितलंत, "कुठूनही मुलगी सापडल्याची खबर नाही." खबर होती, मामा. शेवटी किर्ती तिला खांद्यावर घेऊन गर्दीतून चालत गेटवर आली. दीड तास गेला. राजसीनं त्या वेळात तीन चिक्क्या खाल्ल्या आणि ती मजेत होती. तिची आई नव्हती.

संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना विचारलंत, केंद्र कसं वाटलं? किर्ती म्हणाली, पाच-नऊ.

यंदा तुमच्याकडे शंभर वॅट असतील. म्हणजे "खबर नाही" हे वाक्य आणखी लांबवर ऐकू जाईल.

रागवा. पण पत्र लिहा.

उमा


अंबरनाथ पूर्व
४ जानेवारी २०२६

मामा,

पंचवीस दिवस झाले. पोस्टावर किती दिवस खापर फोडू? मामीला फोन केला तर ती म्हणाली, रेडिओवर कापड टाकलंय आणि हे पेपर मोठ्यानं वाचतात. पेपर मोठ्यानं वाचताय म्हणजे तब्येत ठीक आहे असं मी धरते.

नवीन वर्षात काही बोला. मला शिव्या दिल्यात तरी चालेल. त्या मला नेहमीच स्पष्ट ऐकू येतात.

उमा


बदलापूर पूर्व
रविवार, ११ जानेवारी २०२६

उमा,

पहिले दहा दिवस मी तू खोटं बोललीस म्हणून रागावलो होतो. पुढचे दिवस तू खरं बोललीस म्हणून. हे मला कालपर्यंत नीट कळलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

काल सकाळी मी रेडिओवरचं कापड काढलं आणि तुझ्या मामीला वहीपेन देऊन समोर बसवलं. तिला परवाना नाही, तेव्हा बोलायचं नाही, फक्त ऐकायचं आणि ऐकलेलं लिहायचं. ती म्हणाली, मग रोजच्यापेक्षा वेगळं काय करायचंय? मी हातातला छोटा रेडिओ घेऊन अंबरनाथला आलो. तुझ्या दारावरून गेलो, वर आलो नाही. देवळामागे त्या खोलगट जागी जाऊन उभा राहिलो आणि माझ्या घराला हाक मारली.

आधी नाव सांगितलं. मग म्हटलं, पाच वर्षांची मुलगी सापडली आहे, लाल फ्रॉक, नाव राजसी. फ्रॉकचा रंग मी मनानंच घातला. सहा वेळा सांगितलं. घसा ताणून सांगितलं, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की या रेडिओत ओरडल्यानं काही होत नाही, पाच वॅट ते पाचच राहतात. कपडे धुणाऱ्या दोन बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "बाबा, पोरगी भेटली का?" मी म्हटलं, मागच्या वर्षीच भेटली. ती दुसरीला म्हणाली, ऊन लागलंय यांना.

घरी येऊन वही पाहिली. तुझ्या मामीचं सुंदर अक्षर. "दहा वाजून दहा: खरखर. दहा वाजून पंधरा: खरखर. दहा-वीस: कुकरची शिटी. दहा-पंचवीस: खरखर." असं पानभर. खाली सही.

मी म्हटलं, अंजनी, मी सहा वेळा हाक मारली गं. ती म्हणाली, "आता कललं तुमाला?" आणि भात वाढला.

हजारोंच्या सभा गाजवल्या म्हणून मिरवणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या घरानं ऐकलं नाही. यावर मी भाषण करणार नाही. पण त्या पोरीच्या आईला मी जे वाक्य सांगितलं, ते यंदा माझ्या तोंडून जाता कामा नये.

तेव्हा अँटेना गच्चीवर जाणार! २५ जानेवारीला सोसायटीची सभा आहे. मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं आहे. सुरुवात संविधानापासून.

मामा


अंबरनाथ पूर्व
१७ जानेवारी २०२६

मामा,

दारावरून गेलात आणि वर आला नाहीत, हे मी मामीला सांगितलं आहे. पुढचं ती बघेल.

चाळीस मिनिटं नको. हवं तर संविधानाचा पहिला शब्द म्हणा आणि थांबा. तुमच्या सोसायटीनं तुमची भाषणं बारा वर्षं ऐकली आहेत आणि गच्चीचं कुलूप तसंच आहे. त्यांना ऐकवू नका, ऐकू द्या.

रविवारी अकरा वाजता मी त्या खड्ड्यात उभी राहीन. तुम्ही बाल्कनीतल्या अँटेनावर रेडिओ लावून सभेला माझी हाक ऐकवा. काही येणार नाही. मग सगळ्यांना गच्चीवर न्या. पाच दांड्यांची अँटेना मी बनवली आहे, ॲल्युमिनियमची, झाडूपेक्षा हलकी. गुरुवारी आणून देते. ती हातात धरून देवळाच्या दिशेला करा आणि माझी हाक पुन्हा ऐकवा. बस. त्या वेळात तुम्ही गप्प राहायचं. अवघड आहे, पण अशक्य नाही. मामीनं तुम्हाला लग्नात पाहिलंय गप्प बसलेलं.

चाचणी १ फेब्रुवारीला. तोवर गच्ची मिळाली नाही तर केंद्र दुसरीकडे जाईल. हे मी तुम्हाला आजच सांगते, म्हणजे पुन्हा काही लपवलं असं होणार नाही.

उमा


बदलापूर पूर्व
२६ जानेवारी २०२६

सेक्रेटरीबाई,

तुझा आवाज इकडे आला, पण इकडचा तुला ऐकू गेला नाही, म्हणून इकडे काय घडलं ते सविस्तर सांगतो.

सभेला एकोणीस माणसं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आम्ही." मग थांबलो. लोक घाबरले. मला बरं नाही असं वाटून कुणी पाणी आणलं. मी रेडिओ चालू केला, बाल्कनीच्या अँटेनावर. खरखर. मी काहीच बोललो नाही. एवढा वेळ न बोलता मी फक्त दाढीच्या खुर्चीत बसतो.

मग गच्चीवर. अँटेना हातात धरून मी स्टेशनाकडे तोंड केलं, तेव्हा खरखर. हळूहळू देवळाकडे वळवत नेली आणि त्या खरखरीतून तू आलीस! दबलेली, पण कळण्यासारखी. "मी नाल्याजवळून बोलतेय. इथे एक मुलगी सापडली आहे." तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, "अगोबाई, कुणाची? आईला कळवलं का?" त्यांना चाचणी आहे हे समजावायला मला वेळ लागला.

आता खरी लढाई. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी सोनिया लालवाणी पुढे आली. "अंकल, सब ठीक है. पण नोव्हेंबर-डिसेंबरात माझी डोअरबेल आपोआप वाजायची. मी दार उघडते तर कोणीच नाही. टीव्ही मध्येच थिजायचा. आता ही वर लावली तर काय होईल?"

उमा, मी खोटं बोलू शकलो असतो. माझ्या बाल्कनीला लागून तिची खोली आहे. मी सांगितलं, ती बेल मी वाजवत होतो, शंभर वॅटनं, बाहेर न पडता. ती म्हणाली, "दो महिना मैं समझी भूत है! मी लिंबू-मिरची बांधली!" मग मी तुझा हिशोब मांडला, की अँटेना वर गेली तर मला दहा वॅट पुरतील, कारण देवळाच्या दिशेला तेच दहा सत्तर-ऐंशीसारखे लागतील. बेल वाजायला नको. सोनियानं तिथल्या तिथे ठराव मांडला: अँटेनाला शिवरात्रीपर्यंत परवानगी, दहा वॅटच्या वर जायचं नाही, आणि ते खोकं इमारतीबाहेर. सतरा विरुद्ध दोन. विरुद्ध मतं पापडवाल्यांची.

बारा वर्षांत मिळाली नाही ती गच्ची एका शब्दात मिळाली. याचा मला आनंद झाला की अपमान, ते अजून ठरायचं आहे.

खोकं आज मुकेशला परत दिलं. मी म्हटलं, तू म्हणालास तसंच झालं, सामनेवाले सब चुप. तो खूश झाला. त्यानं बदल्यात पाइप, क्लॅम्प आणि चांगली जाड केबल दिली. आधीची टीव्हीची बारीक केबल पाहून तो म्हणाला, साईं, आधा पावर तो ये पी जाती थी.

एक नुकसान झालं. द्रोण देवळाकडे वळवल्यापासून पाठीमागचे वांगणीवाले मला नीट ऐकू येत नाहीत. ते म्हणतात, आता आमच्याकडे शांतता आहे.

मामा


अंबरनाथ पूर्व
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

मामा,

कालच्या चाचणीत तेरा ठिकाणांपैकी बारा ठिकाणं तुम्हाला स्वच्छ ऐकू आली, सगळी पाच वॅटवर. मागच्या वर्षी सात आली होती. तुम्ही किती कमी बोललात, त्यावर लोक अजून बोलताहेत.

आणि तेरावी किर्ती. त्या रविवारी मी तुमच्या गच्चीवर ऐकू आले, कारण मी एकटीच खड्ड्याच्या काठावर उभी होते आणि जागा रिकामी होती. काल ती आत, जिथे जत्रेत उभं राहावं लागतं तिथे, भिंतीआड उभी होती, आणि मध्ये मंडपाचे पत्रेही आले आहेत. तुम्ही तिला पाच-नऊ दिले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "किर्ती, दोन-एक. मला फक्त 'मुल' एवढंच कळलं. माझ्या भरवशावर राहू नकोस." मंडळाच्या इतिहासात कुणी कुणाला दिलेला हा पहिला दोन-एक. किर्ती म्हणाली, मागच्या वर्षीच्या पाच-नऊपेक्षा तिला हा बरा वाटला.

आता वाईट बातमी, आणि ती मी फिरवून सांगत नाही. तुम्ही एवढ्या लांबून त्या भिंतीआड पोहोचू शकत नाही. ताकद वाढवून नाही, आणि आणखी दोन दांडे जोडूनही नाही. माझ्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून देऊळ दिसतं, आणि किर्ती उभी असते ती जागाही वरून दिसते. सगळ्यांनी ठरवलं, केंद्र माझ्या गच्चीवर. बदलापूरला नाही.

माइकवर कोण हे ठरलं नाही. काही जणांचं म्हणणं, मामा कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीत. किर्ती म्हणाली, "मामांनाच बसवा. एक वाक्य झालं की बटण सोडायचं, एवढं सांगा." मी काही बोलले नाही, कारण मी तुमची भाची आहे आणि कारण मला हवं तेच ती बोलली होती.

रागवा. पण या खेपेला महिनाभर नको. जत्रा तेरा दिवसांवर आहे.

उमा


बदलापूर पूर्व
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

उमा,

दीड दिवस रागावलो. वेळ कमी होता म्हणून आटोपतं घेतलं.

काल गच्चीवर जाऊन अँटेनाजवळ बसलो. ही गच्ची मला शिवरात्रीपर्यंत मिळाली आहे, आणि शिवरात्रीच्या आधीच मी ती रिकामी करणार. मला ते बोचतं. माझ्या घरून, माझ्या खुर्चीत बसून, मी साऱ्या जत्रेला दिशा देतो, असं मला वाटत आलं. पण भिंतीआडून किर्ती मला ऐकू येत नाही, आणि ज्याला किर्ती ऐकू येत नाही त्यानं केंद्र म्हणवून घेऊ नये. हे मी रविवारी दोन-एक म्हणालो तेव्हाच ठरलं होतं. तुम्ही फक्त मतदान केलंत.

तेव्हा माझ्या अटी ऐक. मंडळासमोर वाचून दाखव.

अँटेना माझ्या गच्चीवरून उतरेल आणि तुझ्या गच्चीवर चढेल. तोंड थेट त्या खड्ड्याकडे, वरून खाली. बाकीचे बारा तर तुझ्या दारातच असल्यासारखे जवळ आहेत, ते द्रोणाच्या पाठीमागूनही ऐकू येतील. पॉवर पाच वॅट. त्याहून जास्त कशाला? देऊळ तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

पहिला तास माइक तुझा. मी कानाला हेडफोन लावून वही घेऊन बसणार. ज्याचा आवाज सगळ्यात बारीक त्याचं मी लिहिणार आणि तुझ्यासमोर सरकवणार. तू ते आधी घ्यायचं, गेटवरचा कितीही मोठ्यानं बोलत असला तरी. तुझी मामी येणार आहे. ती म्हणते, वहीचा अनुभव तिला जास्त आहे, तेव्हा वही तीच लिहील आणि मी नुसतं ऐकायचं. यावर आमची बोलणी चालू आहेत.

दुसऱ्या तासापासून माइक माझा. एक वाक्य, आणि बटण सोडतो. वाक्य लांब असलं तर मला ढोस. पण माझं वाक्य पूर्ण झालंय की नाही हे मी ठरवणार, तू नाही!

सोनिया तिच्या गाडीच्या टपावर अँटेना बांधून देते आहे. ती स्वतः चालवत येणार. म्हणते, अंकल, मुझे देखना है वो लडकी की आवाज कहाँ से आती थी. तिला सांगितलं, ती लडकी माझी भाची आहे आणि टॉवरवर चढते.

आता तुझ्या सोसायटीचं. तुमचा चेअरमन गच्चीची किल्ली सुट्टीच्या दिवशी कुणाला देत नाही, हे मला ठाऊक आहे. उद्यावर टाकू नकोस, अर्ज लिहीत बसू नकोस, मंडळाची बैठक बोलावू नकोस. हे पत्र खाली ठेव, त्याच्या दारात जा, आणि किल्ली घे. शनिवारी, १४ तारखेला, सकाळी सात वाजता ती हातात घेऊन तुझ्या इमारतीच्या गेटवर उभी राहा.

मामा